वहीतला पौंड, खिशातली पेनी

इंग्रज माणसाची पेनी 'पी'पासून सुरू होते, पण शेकडो वर्षं तो ती 'डी' या अक्षराने लिहीत आला. पौंडही 'पी'चाच, त्याचं चिन्ह मात्र 'एल'चं. शिलिंगच्या वाट्याला तेवढा 'एस' आला, आणि बघणाऱ्याला वाटतं की चला, इथे तरी जमलं. तर तेही खोटं. तो 'एस' शिलिंगचा नाहीच. १५ फेब्रुवारी १९७१ पर्यंत ब्रिटनमधल्या बिलांवर, पगारपत्रकांवर आणि शाळेतल्या गणिताच्या वह्यांत एल, एस, डी असे तीन रकाने असत. बारा पेन्सचा एक शिलिंग, वीस शिलिंगांचा एक पौंड, म्हणजे एका पौंडाचे २४० पेन्स. इंग्रजी अमदानीत शिकलेल्या आपल्याकडच्या मुलांनीही ही कोष्टकं घोकली. ती अक्षरं आली कुठून, हे मात्र कोष्टकात लिहिलेलं नसे.

ती रोमची. लिब्रा, सॉलिडस आणि डेनारियस या तीन लॅटिन शब्दांची ही आद्याक्षरं. आता गंमत अशी की खुद्द रोममध्ये या तिघांचं एकमेकांशी असं बारा-वीसचं नातं कधी नव्हतं. डेनारियस हे चांदीचं नाणं, हॅनिबलबरोबर युद्ध पेटलेलं असताना इ.स.पूर्व २११ च्या सुमारास पाडलेलं. सॉलिडस सोन्याचा, आणि तो पाचशे वर्षांनंतरचा. सम्राट कॉन्स्टंटाइनने चौथ्या शतकाच्या सुरुवातीला तो काढला. एका रोमन रत्तल सोन्यात बहात्तर नाणी, म्हणजे एकेक साधारण साडेचार ग्रॅमचं. लिब्रा तर नाणंच नव्हे. ते वजन, सुमारे ३२७ ग्रॅमचं. लिब्राचा मूळ अर्थ तराजू. राशिचक्रातल्या तूळ राशीचं इंग्रजी नाव तेच आहे.

साम्राज्य बुडालं तरी ही नावं बुडाली नाहीत. डेनारियस पूर्वेकडे गेला आणि दीनार झाला. आपल्याकडे गुप्तकाळातल्या शिलालेखांत सोन्याच्या नाण्याला दीनार म्हटलेलं सापडतं. अरबांनी आपल्या सोन्याच्या नाण्याला नाव घेतलं डेनारियसचं आणि घडण घेतली सॉलिडसची. इराक, कुवेत, जॉर्डनमध्ये दीनार आजही चालतो.

या प्रवासाचा एक नमुना लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, आणि या सगळ्या कथेतली माझ्या मते ती सर्वांत मजेदार वस्तू आहे. मध्य इंग्लंडमधल्या मर्सिया राज्यावर आठव्या शतकात ऑफा नावाचा राजा होता. त्याची कारकीर्द ७५७ ते ७९६. इंग्लंडची चांदीची पेनी खऱ्या अर्थाने रुजवली ती त्याने. त्याच्या नावाचं सोन्याचंही एक नाणं मिळालं आहे. बगदादच्या अब्बासी खलिफा अल-मन्सूरच्या दीनारची ती हुबेहूब नक्कल. दोन्ही बाजूंना अरबी मजकूर, त्यात इस्लामची ग्वाही, काठावर हिजरी सन १५७. आणि मधल्या ओळींच्या फटीत लॅटिन अक्षरांत 'ऑफा राजा'. अरबी सरळ धरावं तर राजाचं नाव उलटं, आणि नाव सरळ धरावं तर अरबी उलटं! ज्याने ठसा कोरला त्याला अरबीचा गंध नव्हता. समोर ठेवलेलं नाणं पाहून, चित्र काढावं तशी त्याने अक्षरं उतरवली. ख्रिस्ती राजाच्या नाण्यावर कलमा आहे याची ना त्याला कल्पना, ना बहुधा राजाला. पण सोन्याचं नाणं असंच दिसतं आणि असंच चालतं, एवढं दोघांनाही माहीत होतं.

बारा-वीसचं कोष्टक जुळवलं ते याच काळात, इंग्लिश खाडीच्या पलीकडे. फ्रँक राजा शार्लमेनने ७९३-९४ च्या सुमारास आपल्या राज्यातली नाणी एका शिस्तीत बसवली. एक रत्तल चांदीचे २४० डेनारियस पाडायचे, बारा डेनारियस म्हणजे एक सॉलिडस, आणि वीस सॉलिडस म्हणजे एक लिब्रा. त्याचं रत्तल जुन्या रोमन रत्तलाहून जड होतं, पण नाव तेच राहिलं. हेच कोष्टक फ्रान्समध्ये लीव्र, सू आणि दनिए या नावांनी चाललं, इटलीत लिरा, सोल्दो आणि देनारो म्हणून, आणि इंग्लंडमध्ये पौंड, शिलिंग, पेनी म्हणून. लिहिताना अक्षरं सगळीकडे लॅटिनच. म्हणजे एल-एस-डी ही काही ब्रिटिशांची खास मालमत्ता नव्हती. पश्चिम युरोपभर ती वापरात होती. फ्रेंचांनी क्रांतीनंतर १७९५ मध्ये ती सोडली आणि दशमान फ्रँक घेतला. इंग्रजांनी त्यानंतरही पावणेदोनशे वर्षं सोडली नाही, म्हणून ती त्यांच्या नावावर जमा झाली.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. शार्लमेनने जे ठरवलं त्यातलं प्रत्यक्ष हातात येणारं नाणं एकच होतं: डेनारियस, म्हणजे पेनी. सॉलिडस नव्हता आणि लिब्राही नव्हता. इंग्लंडमध्ये जवळपास पाचशे वर्षं पेनी हेच काय ते चलनातलं नाणं. सुमारे दीड ग्रॅम चांदीची, नखाएवढी पातळ चकती. अर्धी पेनी हवी तर कात्रीने तिचे दोन तुकडे करायचे, पाव हवी तर चार. तिसऱ्या हेन्रीने १२४७ मध्ये पेनीवरच्या क्रूसाचे हात काठापर्यंत लांबवले, त्यामुळे कापायलाही सोपं झालं. अर्धी पेनी आणि पाव पेनीची म्हणजे फार्दिंगची स्वतंत्र गोल नाणी नियमितपणे निघू लागली ती १२७९ पासून, पहिल्या एडवर्डच्या काळात.

मग पौंड आणि शिलिंग कुठे होते? वहीत. १०८६ च्या सुप्रसिद्ध जमीन-पाहणीत, म्हणजे 'डूम्सडे बुक'मध्ये, गावोगावचं उत्पन्न पौंड-शिलिंग-पेन्समध्ये लिहिलेलं आहे, पण ते लिहिणाऱ्या कारकुनांपैकी एकानेही पौंडाचं नाणं पाहिलेलं नव्हतं. ते मोजण्याचे शब्द होते. आपण कोडी म्हणतो, ग्रोस म्हणतो, तसं २४० पेन्सच्या ढिगाला पौंड म्हणायचं. शिलिंगचं तर नॉर्मन येईपर्यंत मोलही पक्कं नव्हतं: वेसेक्स राज्यात तो पाच पेन्सचा, तर मर्सियात चारचा. बाराचा पक्का झाला तो नॉर्मन अमलात. शिलिंग नावाला जागणारं नाणं निघालं १५०० च्या सुमारास, सातव्या हेन्रीच्या कारकिर्दीत. त्याचंही नाव आधी टेस्टून होतं. पौंडाच्या मोलाचं पहिलं नाणं, सोन्याचं सॉव्हरिन, निघालं १४८९ मध्ये, त्याच राजाच्या हातून. म्हणजे सातशे वर्षं पौंड नुसता लिहिला गेला. चिन्ह आधी जन्माला आलं, नाणं मागाहून.

नुसता लिहिला गेला असं म्हणतानाही जरा थांबायला हवं, कारण राजाच्या खजिन्यात तो कोरलाही जात असे. एक्सचेकर या इंग्लंडच्या खजिना-कचेरीत वसुलीची पावती म्हणून लाकडाची काठी देत. बाराव्या शतकात खजिनदार रिचर्ड फिट्झनीलने या कचेरीचं कामकाज लिहून ठेवलं आहे, त्यात खाचांची मापं आहेत. हजार पौंडांची खाच तळहाताच्या जाडीएवढी, शंभरची अंगठ्याएवढी, वीसची करंगळीएवढी. एका पौंडाला टपोऱ्या जवाच्या दाण्याएवढी खाच पाडायची. शिलिंगची त्याहून बारीक. आणि पेनीसाठी लाकूड अजिबात काढायचं नाही, सुरीची नुसती एक रेघ. खाचा पाडून झाल्या की काठी उभी चिरायची; एक फाक खजिन्यात, दुसरी पैसे भरणाऱ्याकडे. दोन फाका जोडून पाहिल्या की लबाडी तिथल्या तिथे उघडी. लिहिता-वाचता न येणाऱ्या अंमलदारालाही बोट फिरवून आपले पौंड मोजता येत. एकोणिसाव्या शतकात ही पद्धत बंद झाल्यावर साठलेल्या काठ्या १६ ऑक्टोबर १८३४ रोजी लंडनच्या पार्लमेंटच्या तळघरातल्या भट्ट्यांमध्ये जाळायला घेतल्या. त्या इतक्या भडकल्या की पार्लमेंटची जुनी इमारत त्या रात्री जळून गेली.

कागदावर, म्हणजे चामड्यावर, लिहिणारे कारकून लॅटिनमध्ये लिहीत. राजा नॉर्मन, रयत इंग्रज, दफ्तराची भाषा लॅटिन असा तो कारभार होता. इंग्लंडच्या न्यायालयांतून लॅटिन हटली ती १७३३ मध्ये. दिवसभर लिब्रा, सॉलिडस, डेनारियस लिहायचं तर कोण पूर्ण शब्द लिहील? शब्द तोडायचा आणि तोडलाय हे कळावं म्हणून अक्षराला एक आडवी रेघ मारायची, हा युरोपातल्या सगळ्या लेखनिकांचा रिवाज. आपल्याकडे मोडी लिहिणारा कारकून मुक्काम-पोस्टचं 'मु॥ पो॥' करी आणि पुढे दोन दंड ओढी, तसलाच हा प्रकार. पौंडाच्या चिन्हाला जी आडवी रेघ असते ती हीच. £ हे चिन्ह म्हणजे वळणदार मोठा 'एल' आणि त्याच्या पोटातून गेलेली 'हा शब्द अर्धवट आहे' असं सांगणारी रेघ. कुणी चित्रकाराने ते आखलेलं नाही, कुठल्या दरबाराने मंजूर केलेलं नाही.

आकड्यांनंतर बारीक 'एल' लिहिण्याचीही एक चाल होती, आणि ती एकोणिसाव्या शतकातल्या छापील मजकुरापर्यंत टिकली. पाचशे पौंड म्हणजे आधी पाचशेचा आकडा, मग तिरका छोटा 'एल'. आकड्याच्या आधी येणारा रेघेचा मोठा 'एल' हळूहळू पुढे सरकला आणि जिंकला. बँक ऑफ इंग्लंडच्या संग्रहालयात ७ जानेवारी १६६१ चा एक चेक आहे, त्यावर आजच्या ओळखीचं £ स्वच्छ दिसतं. बँकेची स्थापना १६९४ ची. म्हणजे बँकेला हे चिन्ह आयतंच मिळालं. रेघ एक की दोन, यावर मात्र तिचं बराच काळ एकमत नव्हतं. जुन्या नोटांवर दोन्ही तऱ्हा दिसतात. १९७५ पासून एका रेघेवर स्थिरावलं.

त्याच लिब्राचं आणखी एक मूल आहे. वजनाचा पौंड, म्हणजे आपल्याकडचा रत्तल, इंग्रजीत 'एल' आणि 'बी' ही दोन अक्षरं जोडून लिहितात. लेखनिक त्या दोन उभ्या दांड्यांवरूनही रेघ मारीत. घाईच्या हाताने ती इतकी मोडली की शेवटी दोन उभ्या आणि दोन आडव्या रेघांची जाळी उरली, असं मानलं जातं: #. अमेरिकेत या जाळीला म्हणूनच 'पाउंड साइन' म्हणतात. इंग्लंडच्या कळफलकावर शिफ्ट आणि तीनची कळ दाबली की £ येतं, अमेरिकेच्या कळफलकावर # येतं. दोघांनी एकाच कळीवर एकाच तराजूची दोन पोरं बसवली आहेत.

शिलिंगची गोष्ट जरा वेगळी. सॉलिडसचा 'एस' जुन्या हस्ताक्षरात उभा आणि लांब लिहीत; छापील पुस्तकांतही हा लांब 'एस' १८०० च्या आसपासपर्यंत होता. आकड्यामागे घाईने लिहिताना तो ताणत ताणत नुसती तिरकी रेघ झाला, अशी या चिन्हाची परंपरेने सांगितली जाणारी उत्पत्ती आहे. त्या तिरक्या रेघेला इंग्रजीत आजही सॉलिडस हेच नाव आहे. संगणकाच्या युनिकोड यादीतही तेच नोंदलेलं आहे. दोन शिलिंग सहा पेन्स म्हणजे २/६. पाच शिलिंग आणि वर पेन्स काही नाहीत, तर ५/-. ती पुढची आडवी रेघ म्हणजे 'पेन्स शून्य'. 'ॲलिस इन वंडरलँड'च्या १८६५ च्या आवृत्तीत जॉन टेनियलने काढलेल्या वेड्या टोपीवाल्याच्या चित्रात टोपीला किमतीची चिठ्ठी खोचलेली आहे, तिच्यावर १०/६ लिहिलेलं आहे. दहा शिलिंग सहा पेन्स, म्हणजे २१ शिलिंगांची जी गिनी तिची बरोबर अर्धी. टोपीवाला वेडा असला तरी आपल्या मालाला भाव चांगला लावत होता.

आता आपल्या घरातलं एखादं पावतीपुस्तक काढा. गणेशोत्सवाच्या वर्गणीची पावती, घरभाड्याची पावती, सोसायटीचं बिल, काहीही चालेल. आकडा कसा लिहिलाय? रु. ५००/-. ही तिरकी आणि आडवी रेघ आपल्या रुपयाची नव्हे. इंग्रज अमदानीत रुपये, आणे, पै असे तीन रकाने झाले तेव्हा शिलिंगची लिहिण्याची ही तऱ्हा कचेऱ्यांमधून रुपयाला चिकटली. पाच रुपये आठ आणे शून्य पै म्हणजे ५/८/-. नुसते पाच रुपये म्हणजे ५/-. आणे गेले, पै गेली, पण पावतीवरची रेघ गेली नाही. पुढे कुणी आकडा वाढवू नये म्हणून ती मारतात, असं आपण सांगतो, आणि तो उपयोग तिचा आहेच. पण तिचा जन्म त्यासाठी झालेला नाही. केनिया, युगांडा, टांझानियातल्या दुकानांत १००/= अशी दुहेरी रेघ दिसते. तिथे चलन खरोखरच शिलिंग आहे, त्यामुळे तिथे ती निदान आपल्या घरी आहे. आपल्याकडे ती पाहुणी म्हणून आली आणि राहिली.

आपली स्वतःची तऱ्हा याहून चांगली होती, असं मला वाटतं. १। म्हणजे सव्वा, १॥ म्हणजे दीड, १॥। म्हणजे पावणेदोन. एक दंड एक पाव. मोजायला दोन रकाने नकोत की परक्या भाषेतली आद्याक्षरं नकोत. छापखान्यांनी आणि दशमानाने मिळून ही पद्धत मोडीत काढली.

इंग्रजांच्या पाव-अर्ध्याचीही लॅटिन चिन्हं होती, ती मात्र लवकर विसरली गेली. अर्ध्या पेनीला जुन्या हिशेबांत 'ओबोलस'वरून 'ओबी' लिहीत, आणि फार्दिंगला 'क्वाड्रन्स'वरून 'क्यू'. शेक्सपियरच्या 'चौथा हेन्री' नाटकाच्या पहिल्या भागात झोपलेल्या फॉल्स्टाफच्या खिशातून खानावळीचं बिल निघतं. दारूपुढे शिलिंगांचे आकडे, आणि पावापुढे फक्त ही 'ओबी'. विनोद आहे तो असा. पण तो कळायला प्रेक्षकाला अर्ध्या पेनीची खूण माहीत असावी लागे, आणि ती तेव्हा होती.

एस आणि डी ही अक्षरं हिंदुस्थानच्या राजकारणात एका काळी फार गाजली. रुपयाचा भाव पौंडाच्या हिशेबात ठरत असे. १८९८ च्या सुमारास तो एक शिलिंग चार पेन्सवर आला आणि पहिल्या महायुद्धातल्या उलथापालथीपर्यंत तिथेच राहिला. एक शिलिंग चार पेन्स म्हणजे १६ पेन्स. रुपयाचे आणे १६. म्हणजे त्या वीस-एक वर्षांत एक आणा बरोबर एक पेनी होता आणि पंधरा रुपयांचं एक सॉव्हरिन. दोन पूर्ण वेगळ्या घराण्यांतल्या कोष्टकांचा असा योग पुन्हा जुळून आला नाही. युद्धानंतर सरकारला भाव एक शिलिंग सहा पेन्सवर न्यायचा होता. रुपया महाग झाला की परदेशी माल स्वस्त होतो आणि आपला शेतमाल, आपलं सूत परदेशात महाग पडतं. मुंबईचे गिरणीवाले आणि व्यापारी त्याविरुद्ध उभे राहिले. हिल्टन यंग यांच्या अध्यक्षतेखालच्या शाही आयोगाने १९२६ मध्ये सहा पेन्सच्या बाजूने कौल दिला, तेव्हा सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी चार पेन्सच्या बाजूने आपली भिन्नमतपत्रिका जोडली. याच आयोगापुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची साक्ष झाली होती. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ त्याआधी १९२३ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झालेला होता. १९२७ मध्ये कायदा झाला आणि सहा पेन्सचा भाव पक्का झाला. मग पौंडाचे झाले १३ रुपये ५ आणे ४ पै. दोन पेन्सवरून देशाचं राजकारण तापलं हे आज वाचताना चमत्कारिक वाटतं, पण रुपया आठव्या हिश्शाने महाग होणं म्हणजे काय हे कापसाच्या शेतकऱ्याला विचारावं.

दशमान पद्धतीत आपण ब्रिटनच्या पुढे होतो. १ एप्रिल १९५७ ला आपल्याकडे आणे-पै गेले आणि रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. ब्रिटनला त्यासाठी आणखी चौदा वर्षं लागली. २४० या आकड्याची बाजू घेणारे तिथे पुष्कळ होते आणि त्यांचं म्हणणं अगदीच पोकळ नव्हतं. २४० ला वीस संख्यांनी नि:शेष भाग जातो, १०० ला फक्त नऊ. पौंडाचा तिसरा हिस्सा ६ शिलिंग ८ पेन्स, बरोबर; वकिलांची ठरीव फी तीच होती आणि ती चौदाव्या शतकातल्या नोबल नावाच्या सोन्याच्या नाण्यापासून चालत आलेली. शंभर पेन्सच्या पौंडाचे तीन सारखे भाग होत नाहीत. पण बेरजा यंत्रांवर होऊ लागल्यावर या गुणाची किंमत उरली नाही. १५ फेब्रुवारी १९७१ ला 'डी' गेला आणि पेनीला पहिल्यांदा तिचं स्वतःचं अक्षर मिळालं, 'पी'. आपल्या नव्या पैशासारखं तिथेही नाण्यावर 'न्यू पेन्स' लिहीत. ते 'न्यू' १९८२ मध्ये काढलं. शिलिंगचा 'एस' ही गेला. राहिला फक्त £, म्हणजे तिघांतलं जे मुळात नाणंच नव्हतं ते.

गिनीची कथा पौंडाच्या बरोबर उलटी आहे. पौंड नाण्याशिवाय सातशे वर्षं जगला. गिनी नाणं मेल्यावर जगली. १६६३ मध्ये दुसऱ्या चार्ल्सने सोन्याचं जे नवं नाणं काढलं त्याचं बरंचसं सोनं आफ्रिकेच्या गिनी किनाऱ्यावरून येई, त्यावरून हे नाव. तिथून आलेल्या सोन्याच्या नाण्यांवर राजाच्या मुखवट्याखाली इवलासा हत्ती उमटवलेला असे. काहींवर हत्तीच्या पाठीवर किल्ला. भारतीय वाचकाला हत्ती पाहून वाटेल की आपलं काही असेल. नाही, तो रॉयल आफ्रिकन कंपनीचा. ही कंपनी सोन्याबरोबर माणसंही आणत असे, गुलाम म्हणून, हजारोंच्या संख्येने. तो हत्ती त्यांच्याही विक्रीची खूण आहे. धातू कुठून आला हे नाण्यावर दाखवायची तेव्हा पद्धतच होती. वेल्सच्या खाणीतल्या चांदीला पिसं, पश्चिम इंग्लंडच्या चांदीला गुलाब, १७२३ च्या काही नाण्यांवर साउथ सी कंपनीची अक्षरं. ईस्ट इंडिया कंपनीने पुरवलेल्या सोन्याच्या, १७२९ आणि पुढच्या काही वर्षांतल्या गिन्यांवर कंपनीची तीन आद्याक्षरं आहेत.

गिनी काढली तेव्हा ती वीस शिलिंगांची, म्हणजे एका पौंडाची धरली होती. पण सोन्याचा भाव चढला आणि १६९० च्या दशकात ती तीस शिलिंगांपर्यंत गेली. १७१७ मध्ये टांकसाळीचा प्रमुख असलेल्या आयझॅक न्यूटनच्या अहवालानंतर तिचा भाव २१ शिलिंगांवर बांधला. १८१४ नंतर गिनी पाडलीच नाही. तरीही डॉक्टर, बॅरिस्टर, चित्रकार आणि घोडेवाले आपले दर गिन्यांतच सांगत राहिले. गिऱ्हाईक पौंडात पैसे देई आणि वर एक शिलिंग टिकवी, कारण गिनी म्हणणं प्रतिष्ठेचं. इंग्लंडमधल्या न्यूमार्केटला शर्यतीच्या घोड्यांचे लिलाव आजही गिनीत पुकारले जातात. गिनी म्हणजे आता एक पौंड पाच पेन्स.

मराठीतही गिनी जगली, पण दुसऱ्याच नाण्याच्या अंगात शिरून. आपला सराफ ज्याला गिनी म्हणतो ते बहुतेक वेळा सॉव्हरिन असतं: १८१७ पासून नव्याने निघालेलं, बावीस कॅरटचं, आठ ग्रॅमला किंचित कमी, एका बाजूला राजा किंवा राणी आणि दुसऱ्या बाजूला घोड्यावरून ड्रॅगनला मारणारा सेंट जॉर्ज. हे चित्र बेनेदेत्तो पिस्त्रुची या इटालियन कारागिराचं. १८९९ मध्ये सॉव्हरिन हिंदुस्थानात पंधरा रुपयांच्या भावाने कायदेशीर चलन झालं. पुढे महायुद्धात समुद्रावरून सोन्याची नाणी आणणं जोखमीचं झालं तेव्हा फोर्टमधल्या मुंबई टांकसाळीत रॉयल मिंटची शाखा उघडली. तिथे आधी त्याच वजनाची पंधरा रुपयांची मोहर आणि मग सॉव्हरिन पाडलं गेलं, सुमारे तेरा लाख, सगळी १९१८ सालची. शाखा १९१९ मध्ये बंद झाली.

तेव्हा घरात पणजीच्या वेळची एखादी गिनी असेल आणि तिच्यावर १९१८ साल असेल, तर भिंग घेऊन घोड्याच्या खालची जमीन बघा. तारखेच्या बरोबर वर, मधोमध, एक बारीक अक्षर असतं. 'पी' असेल तर नाणं पर्थचं, 'एस' असेल तर सिडनीचं, 'एम' मेलबर्नचं, 'सी' कॅनडाचं. आणि नुसती एक उभी दांडी, म्हणजे इंग्रजी 'आय' असेल, तर ते मुंबईत पाडलेलं ब्रिटिश सॉव्हरिन आहे. सराफाकडे मोडायला नेण्याआधी एवढं जरूर पाहून घ्या.